बीपीएलचं एपीएल झालं आणि आईचा दवाखाना अडला: सीमाभागातल्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या आरोग्य कार्डाबद्दल

जांबोटीची_लेक

मी बेळगावात राहते. माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. माहेरी आई (वय ७४), थोरला दादा (वय ४९, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी), धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. एवढ्या सगळ्यांचं मिळून एक रेशनकार्ड. त्या एका कार्डावर काय काय टांगलेलं असतं हे आम्हाला जानेवारीत कळलं. परवा आमच्या गल्लीतल्या काकांच्या बाबतीतही अगदी तसंच घडलं, म्हणून आज सगळं लिहून काढते आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला, डॉक्टरांनी पुढची चिठ्ठी दिली, १०८ च्या गाडीतनं बेळगावला आणलं. इथवर सगळं वेळेत झालं, तिथल्या माणसांना मी दुवाच देते. बेळगावातल्या दवाखान्याच्या काउंटरवर मुलीनं आईचा आधार नंबर टाकला, स्क्रीन आमच्याकडं वळवली आणि म्हणाली, "अक्का, हे एपीएल दाखवतंय."

वहिनी म्हणाली, आमचं तर बीपीएल आहे, हे बघा कार्ड. मुलगी म्हणाली, हातातल्या कार्डावर काहीही असू दे, मशीनमध्ये आहे तेच खरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. कर्नाटकानं त्याच वर्षी आपली आरोग्य कर्नाटक योजना तिच्यात मिसळली. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या घराला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा दवाखाना. एपीएल, म्हणजे रेषेवरच्या घराला मात्र पॅकेजच्या (उपचाराच्या ठरलेल्या) दराच्या फक्त ३० टक्के, आणि तेही वर्षाला दीड लाखापर्यंतच. म्हणजे एक लाखाचं पॅकेज असेल तर सत्तर हजार आपण भरायचे. एक अक्षर बदललं की एवढा फरक. आई तीच, हाड तेच, घर तेच.

वहिनीच्या पाटल्या त्या रात्री सोसायटीत गहाण गेल्या. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

कार्ड बदललं कसं, हे शोधायला दोन महिने गेले. धाकट्यानं टेम्पो घेतला तेव्हा कर्जासाठी बँकेनं आयकराचं रिटर्न मागितलं होतं. त्यानं ते भरलं. कर एक रुपयाही बसला नव्हता, नुसता कागद भरला. २०२४ च्या नोव्हेंबरात राज्यभर बीपीएल कार्डांची छाननी झाली, तीत आमचं कार्ड उडालं. पुढं आरडाओरडा झाला आणि सरकारनंच जाहीर केलं की सरकारी नोकर आणि आयकर भरणारे सोडून बाकीच्यांची कार्डं परत करू. पण ही घोषणा आमच्या घरापर्यंत पोचली नाही. नोव्हेंबरपासून रेशनही मिळत नव्हतं. दुकानदार म्हणायचा सर्व्हर नाही. आमच्याकडं भात घरचा, त्यामुळं तांदूळ आला नाही म्हणून कुणी जीवाला लावून घेतलं नाही. रेशन बंद होणं म्हणजे दवाखाना बंद होणं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि दादाचं. कार्ड पुन्हा सुरू करायचं तर घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी हवं. आईचा अंगठा उठत नव्हता. साठ वर्षं रोप लावून, भांडी घासून बोटाच्या रेषा गेल्यात. ग्राम वनमधल्या (गावातलं सरकारी सेवा केंद्र) मुलानं लिंबाच्या फोडीनं बोट पुसलं, पुन्हा पुसलं, अकराव्या वेळी एकदाचं हिरवं लागलं. दादाची मूठ उघडतच नाही. मी एकेक बोट सरळ करायची आणि मशीनवर टेकेपर्यंत हात परत मिटायचा. दादाला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. तो घामानं भिजला, मग रडायला लागला. डोळ्याचं मशीन लावलं तर नजर ठरेना. मागं रांग. कुणी काही बोललं नाही, पण मला त्या दिवशी इतकी लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा मग राग आला. माझ्या भावानं काय गुन्हा केलाय?

माझं म्हणणं एवढंच आहे. म्हाताऱ्या माणसाला आणि अपंग माणसाला मिळणारा आरोग्य विमा त्या माणसाच्या नावावर असायला पाहिजे. मुलानं टेम्पो घेतला म्हणून आईचा खुबा महाग होतो, ही कसली पद्धत? ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या भागात ही कार्डं सांभाळायची कशी, कुणाला काय अनुभव आलाय, कुठं अर्ज दिला, ते सगळं इथं एका जागी लिहूया. मराठीत लिहूया. कारण निम्मं नुकसान कन्नडमधला कागद न कळल्यानं होतंय.

---

काउंटरपलीकडे

ताई, वाचून वाईट वाटलं. मी चार वर्षं बेळगावात आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या काउंटरवरचा माणूस, म्हणून काम केलंय, आता सोडलं. काउंटरवरच्या त्या मुलीच्या जागी मी शेकडो वेळा उभा होतो. तिच्या हातात खरंच काही नसतं, पण आपल्या हातात काही गोष्टी असतात, त्या लिहितो.

पहिली म्हणजे कर्नाटकात सरळ खासगी दवाखान्यात जाऊन योजना लागत नाही. आधी सरकारी दवाखाना. तिथं होणारा उपचार असेल तर तिथंच करतात, नसेल तर रेफरल देतात, मग यादीतल्या खासगी दवाखान्यात जाता येतं. योजनेत साधारण १,६५० उपचार आहेत, त्यांतले तातडीचे वेगळे काढलेत, त्यांना रेफरल लागत नाही. तुम्ही खानापूरला आधी गेलात हे बरोबर केलंत. माझ्याकडं येणाऱ्यांत अर्धे लोक घाबरून थेट मोठ्या दवाखान्यात यायचे, आणि मग रेफरलसाठी पेशंटला तिथंच ठेवून पोरगा सिव्हिलला पळायचा.

दुसरी, कार्ड दाखवायचं ते भरती होतानाच. "आधी ॲडमिट करू, कार्डाचं मागनं बघू" म्हणालात की हातातनं गेलं. मंजुरी, म्हणजे आम्ही प्री-ऑथ म्हणतो ती, ऑपरेशनच्या आधी जाते. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड काढून दाखवणारी माणसं मी पाहिलीत, त्यांच्यासाठी काहीच करता येत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला मला आजही जड जातं. पॅकेजमध्ये औषध, तपासण्या, जेवण, इम्प्लांट सगळं येतं. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यावरचे १५ दिवस यांचा खर्चही आयुष्मानमध्ये धरलेला आहे. तरी कुणी "हे बाहेरनं आणा" म्हणून चिठ्ठी देतं. द्या, पण पावती घ्या आणि तिथल्या आरोग्यमित्राला दाखवा. तक्रारीचा नंबर १४५५५. म्हातारी माणसं पावती मागायला लाजतात. डॉक्टर देवमाणूस, त्याला पावती कशी मागायची, असं वाटतं त्यांना.

दादाच्या बोटांबद्दल. आधारमध्ये बायोमेट्रिक अपवाद म्हणून सोय आहे, ज्यांचे ठसे किंवा बुबुळ घेताच येत नाही त्यांच्यासाठी. आधार सेवा केंद्रात जाऊन ते एकदा नोंदवून घ्या. ग्राम वनमधल्या मुलांना याची माहिती नसते, त्यांच्यावर रागवू नका.

---

निपाणीचा_तंबाखूवाला

आमच्याकडं वेगळीच तऱ्हा. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या दुप्पट. आजारी माणूस घेऊन कुठं जाणार? सगळी निपाणी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाते, आजोबांच्या काळापासून.

माझ्या आत्यानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. फुप्फुसं गेली. हजार विड्यांमागं किती मिळायचं ते आता सांगत नाही, सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली तेव्हा आम्ही पहिल्यांदा अर्ज भरला. त्या वेळचे कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी मार्चमध्येच जाहीर विरोध केला होता. पुढं २०२४ च्या जानेवारीत बेळगावात अर्ज भरून घेणारी केंद्रं प्रशासनानं बंद केली. राजकारण काय असेल ते असो. आमच्या आत्याला दम लागतो तेव्हा तिला ना बेळगाव कळतं ना मुंबई.

मला विचाराल तर महाराष्ट्राचं कार्ड मिळतंय तोवर घ्यावं. ते सरकार आपलं म्हणतंय ना? मग घ्यावं.

---

शहापूरचा_आप्पा

निपाणीकर, तुमच्या आत्यांना आराम पडो. पण एका गोष्टीवर मी स्पष्ट बोलतो. मी कट्टर सीमावासी, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत वडिलांच्या खांद्यावरनं गेलेला. तरीही म्हणतो, महाराष्ट्राच्या कार्डाच्या आशेवर कर्नाटकाचं कार्ड सोडू नका. घरपट्टी इथं भरतो, साबणाच्या वडीवरचा जीएसटी इथं भरतो. इथलं आरोग्य कार्ड हा आपला हक्क आहे, कुणाचा उपकार नाही. महाराष्ट्राचं मिळालं तर वरचं तूप. आमच्या गल्लीत दोघांनी "आता ते येणार आहे" म्हणून इथलं केवायसीच केलं नाही. एकाच्या वडिलांना गेल्या वर्षी झटका आला, तेव्हा दोन्हीकडचं काहीच नव्हतं.

आता ताईंच्या दादांसाठी. माझा मुलगा २३ वर्षांचा, ऑटिझम. आमच्यासारख्यांना बहुतेक कुणी सांगत नाही, म्हणून नीट वाचा. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय म्हणून आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी. वर्षाला १ लाखापर्यंत. रेशनकार्डाशी तिचा संबंध नाही, एपीएललाही मिळते, फक्त फी थोडी वेगळी. वयाची अट नाही, आधी तपासणी नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हिच्यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा आहे. आयुष्मानमध्ये भरती झाल्याशिवाय पैसा नाही. आमच्या पोरांना भरती क्वचित लागते, पण फिजिओथेरपी, स्पीच, फिट्सच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. घर पोखरतं ते तिथंच. निरामयमध्ये उपचार कुठल्याही दवाखान्यात घ्या, बिलं जोडा, पैसे मागनं खात्यावर येतात.

माझी चूकही सांगतो, तुमची होऊ नये म्हणून. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. मी एका वर्षी नूतनीकरण विसरलो. मार्चअखेर, दुकानाचा हिशेब, राहिलं. जूनमध्ये मुलाला मोठी फिट आली. चार दिवस आयसीयू. तो सगळा खर्च अंगावर. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

दादांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे का? नसेल तर आधी ते.

---

जांबोटीची_लेक

आप्पा, निरामयचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दादा ४९ वर्षांचा झाला. ४९ वर्षांत एकाही दवाखान्यात, एकाही कचेरीत कुणी हे सांगितलं नाही. प्रमाणपत्र आहे, जुनं, कागदी, ७५ टक्क्यांच्या वरचं, पेन्शनसाठी काढलेलं. यूडीआयडी नाही.

काउंटरपलीकडे दादा, पावतीचं अगदी खरं. आमच्याकडनं पट्टा आणि इंजेक्शन बाहेरनं आणवलं होतं. पावत्या वहिनीनं साखरेच्या डब्यात ठेवल्यात.

---

पुण्यातला_बेळगावकर

मी हिंजवडीत नोकरीला, आईवडील टिळकवाडीत. आम्ही कुठल्याच यादीत बसत नाही, म्हणून खासगी पॉलिसी बघत होतो. वडील ६८, साखर आणि बीपी. थोडी माहिती कुणाला उपयोगी पडेल म्हणून देतो. १ एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी घ्यायला असलेली वयाची आडकाठी विमा नियामकानं काढली. जुन्या आजाराची वाट बघायची मुदत जास्तीत जास्त ४ वर्षांवरनं ३ वर आली. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीनं आधी नियामकाशी बोलायचं, हा नियम २०२५ च्या जानेवारीत आला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला.

तरी दोघांच्या हप्त्याचा आकडा माझ्या दीड महिन्याच्या घरभाड्याएवढा आला. मी भरीन, मला जमतंय. पण आमच्या गल्लीतले सायकल दुरुस्तीवाले मामा कुठनं भरणार? सरकारी योजना टिकायला पाहिजे ती त्यांच्यासाठी. नियामकानं दार उघडलं म्हणून आत जायचे पैसे सगळ्यांकडं येत नाहीत.

---

निवृत्त_गुरुजी_खानापूर

मी व सौ. दोघेही सत्तरीपलीकडचे. केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचे आयुष्मान वय वंदना कार्ड जाहीर केले. ताईंना जे हवे आहे, विमा माणसाच्या नावावर असावा, त्या दिशेने पडलेले हे पहिले पाऊल आहे असे मला वाटते. घरात आधीपासून आयुष्मान असेल तरी सत्तरीवरच्या माणसाला वेगळे पाच लाख. मुलाने टेम्पो घेवो की विमान.

नातवाने मोबाइलवर ॲपमधून माझे कार्ड पंधरा मिनिटांत काढून दिले. ते घेऊन मी बेळगावातील एका दवाखान्यात मोतीबिंदूसाठी गेलो. तेथे सांगण्यात आले, "गुरुजी, कार्ड खरे आहे, पण आम्हाला राज्याकडून आदेश नाही." केंद्राने कार्ड द्यायचे, राज्याने मान हलवायची, आणि म्हाताऱ्याने मध्ये काठी टेकत उभे राहायचे. या योजनेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. खर्चाच्या वाट्यावरून दोघांचे जे काही असेल ते त्यांनी बसून मिटवावे. माझ्या डोळ्यांतला पडदा त्यांची बैठक होईपर्यंत थांबणार नाही. मी शेवटी सरकारी शिबिरात एक डोळा करून घेतला, तो चांगला झाला.

सौ.चे तर कार्डच निघाले नाही. तिचे वय ७२, आधारवर ६६. ती शाळेत गेली नाही. आधार काढताना समोरच्या मुलाने चेहऱ्याकडे पाहून साल टाकले. माझ्या पिढीतल्या पुरुषांचा जन्म १ जूनला तरी झालेला असतो, मास्तरांच्या कृपेने. बायकांचा तेवढाही नाही. आपल्या घरातील आजी-काकूंच्या आधारवरचे साल आजच पाहून घ्या. दुखणे आल्यावर ते दुरुस्त होत नाही.

आणखी एक. भाषेचे. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे कोणाही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. अर्ज मराठीत द्यावा. मी कन्नड वाचतो, लिहितो, त्या भाषेवर माझा रागही नाही, माझे निम्मे विद्यार्थी कन्नड घरांतले. पण ज्या बाईचे कार्ड रद्द झाले तिला तिच्या कागदावर काय लिहिले आहे ते कळले पाहिजे. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवावी, तिच्यावर शिक्का व तारीख घ्यावी. "नाळे बर्री" (उद्या या) असे तोंडी सांगितले तर त्याची नोंद कुठेच राहत नाही.

---

कंग्राळीची_सून

सासूबाईंचं डायलिसिस आठवड्याला तीनदा. ते सरकारी योजनेत फुकट होतं, हे आधी सांगते, कारण नुसत्या तक्रारी वाचून कुणी घाबरून घरी बसू नये. अडीच वर्षं झाली, एकदाही पैसे मागितले नाहीत. सिस्टर नावानं ओळखतात, दिवाळीला चकली घेऊन जाते मी.

पण रिक्षा. कंग्राळीहून जायचे यायचे, आठवड्याला सहा फेऱ्या. ते कुठल्या योजनेत बसत नाही. संध्या सुरक्षाची त्यांची पेन्शन येते ती रिक्षातच जाते. आणि माझं कामही सुटलं, फाउंड्रीत पॅकिंगला जात होते. ते कुणी मोजत नाही.

माझा प्रश्न असा की बीपीएल गेलं तर चालू असलेलं डायलिसिस मध्येच थांबतं का? आमच्या दिरानंही कर्जासाठी रिटर्न भरलंय. ताईंचं वाचल्यापासून झोप नाही.

---

काउंटरपलीकडे

ताई, घाबरू नका, पण आजच एक करा. तुमच्या रेशन दुकानात जाऊन कार्ड मशीनमध्ये काय दाखवतंय ते बघा, किंवा अन्न खात्याच्या संकेतस्थळावर कार्डाचा नंबर टाका. बीपीएल दाखवत असेल तर त्या पानाची प्रिंट काढून तारखेसकट ठेवा. दीर एकाच कार्डावर असतील आणि वेगळी चूल असेल, तर कार्ड वेगळं करून घ्या. तेही कार्ड चांगलं चालू असतानाच. रद्द झाल्यावर वेगळं करायला गेलात तर आधी जुनं जिवंत करा म्हणतात. आणि रिटर्न भरणं वेगळं, कर भरणं वेगळं. रिटर्नच्या कागदावर कर शून्य असेल तर ती प्रत जपून ठेवा, अर्जाला तीच लागते.

डायलिसिस सरकारी दवाखान्यात असेल तर ते कार्डाशिवायही राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरिबांना मोफत आहे, २०१६ पासून. तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

निपाणीकरांसाठी: २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीत आत्यांचं नाव असेल तर त्यांचं आयुष्मान देशभर चालतं, म्हणजे कोल्हापुरातल्या यादीतल्या दवाखान्यातही. नुसत्या कर्नाटकाच्या रेशनकार्डावर काढलेलं असेल तर ते इथंच. आयुष्मान ॲपवर आधार टाकून बघा. सीमेवरच्या प्रत्येक घरानं हे बघितलं पाहिजे, कारण आपला दवाखाना आणि आपलं राज्य एकाच दिशेला असेलच असं नाही.

---

निपाणीचा_तंबाखूवाला

बघितलं. आत्याचं नाव यादीत आहे. २०११ पासून आहे!! चौदा वर्षं. आम्ही सीपीआरनंतर एका खासगी दवाखान्यात तीनदा रोख भरले.

आप्पा, तुमचं बरोबर. दोन्ही सांभाळायला पाहिजेत. मी रागात लिहिलं होतं.

---

शहापूरचा_आप्पा

राग असायलाच पाहिजे निपाणीकर, फक्त योग्य टेबलावर.

अजून एक लिहितो, कारण "योजना आली" म्हणून आपण निर्धास्त होतो. २०१५ मध्ये केंद्रानं अंधत्व, कर्णबधिरत्व, हालचालीचं अपंगत्व, मानसिक आजार असलेल्यांसाठी स्वावलंबन म्हणून आरोग्य विमा काढला होता. २ लाखांचं संरक्षण, हप्त्यातला थोडाच वाटा आपला. माझ्या मेहुण्याला पोलिओ, त्यानं घेतला होता. ती योजना बंद झाली आणि तो पुन्हा उघड्यावर. आवाज कुणी केला? कुणीच नाही, कारण ज्यांची गेली ती माणसं एकेकटी घरात बसलेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की दुसऱ्या कुठल्या सरकारी विम्यात नसलेल्या दिव्यांगांसाठी सर्वसमावेशक विमा योजना असावी. कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व, आणि निरामयमध्ये चारच. उरलेल्यांनी रेशनकार्डाकडं बघत बसायचं?

अर्ज लिहायचा तर त्या कलमाचा उल्लेख करून लिहूया. एकट्यानं नको. गुरुजींनी मसुदा करावा.

---

निवृत्त_गुरुजी_खानापूर

करतो. दोन मागण्या लिहितो. सत्तरीवरील व ४० टक्क्यांवरील अपंग व्यक्तीचे आरोग्य कार्ड कुटुंबाच्या रेशनकार्डाच्या छाननीत रद्द होऊ नये, ही पहिली. रद्द करण्यापूर्वी घरी लेखी सूचना यावी, तिला समजेल त्या भाषेत, ही दुसरी. मराठी व कन्नड दोन्ही प्रती करू. कन्नड प्रतीसाठी माझा एक जुना विद्यार्थी आहे, तो कित्तूरकडचा. त्याच्या आजीचेही कार्ड गेले आहे. हे दुखणे फक्त मराठी माणसाचे नाही.

---

जांबोटीची_लेक

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. आमचं पुढं काय झालं ते सांगते. शून्य कराच्या रिटर्नची प्रत, आईचं वय, दादाचं प्रमाणपत्र असं सगळं जोडून तहसील कचेरीत अर्ज दिला. चार फेऱ्या झाल्या. कार्ड परत बीपीएल दिसायला श्रावण उजाडला. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत, मिळणारही नाहीत म्हणाले. आई आता वॉकर धरून तुळशीपर्यंत जाते. पाटल्या अजून सोसायटीत आहेत.

रविवारी माझ्या माहेरच्या गावातल्या विठ्ठलाच्या देवळात कार्डं घेऊन या म्हणून सांगितलं होतं. काउंटरपलीकडे दादांनी सांगितलं तसं एकेक नंबर टाकून बघितलं. सतरा घरं आली. तिघांचं एपीएल झालेलं, त्यांना पत्ताच नव्हता. दोन आज्यांच्या आधारवर वय पंधरा-वीस वर्षांनी कमी. एक आज्जी म्हणाली, "बाई, मी एवढी तरणी हाय व्हय गं?" आणि पदर तोंडाला लावून हसली. तिचा अर्ज पहिला लिहिला.

दादाच्या यूडीआयडीची पावती आली, आधारच्या अपवादाची नोंदही झाली. यावेळी मशीनवर हात ठेवावाच लागला नाही. ऑपरेटरनं नुसता फोटो काढला, आणि दादा फोटोला हसला. आप्पा, तुम्ही सांगितलेल्या संस्थेत निरामयचा फॉर्म भरायला उद्या अकराला येतोय. दादाला बसनं आणणं जमत नाही, म्हणून धाकटा टेम्पो घेऊन येतोय, मागं गादी टाकून.